तसबिरीस हार आणि शिष्यांचा विसर

संस्थापकाची पुण्यतिथी साजरी करण्यात आमच्या समाजाइतका तत्पर समाज क्वचित सापडेल. आणि त्या संस्थापकाने ज्यांच्यासाठी संस्था काढली त्या विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले ह्याची चौकशी करण्यात आमच्याइतका उदासीन समाजही क्वचितच सापडेल. तसबिरीस हार घालावा, समई लावावी, दोन वक्त्यांनी 'त्यागमूर्ती', 'युगपुरुष' इत्यादी विशेषणांची खैरात करावी, आणि चहा घेऊन मंडळींनी घरी जावे, एवढ्यात आमची कृतज्ञता आटोपते. ज्या मुलांनी त्या संस्थेच्या छपराखाली आपले बाळपण काढले, तेथले अन्न खाल्ले, तेथल्या घंटेबरोबर उठले-निजले आणि पुढे जन्मभर तेथली विद्या गावोगाव पोचविली, त्यांपैकी चार-पाच कीर्तिमंत वगळले तर बाकीच्यांची नावेसुद्धा कोणाच्या जिभेवर नसतात. ही चाल निरुपद्रवी आहे असे पुष्कळांस वाटते. आमचे म्हणणे असे की, विद्यालय म्हणजे काय ह्याविषयीच्या एका मोठ्या गैरसमजाचे ती लक्षण आहे, आणि त्या गैरसमजाची किंमत आम्ही आजही देत आहो.

हे विधान हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, नरसोबाच्या वाडीच्या शेजारचे कुरुंदवाड हे लहानसे गाव एके काळी पटवर्धनांच्या संस्थानाचे ठाणे होते. तेथे १८ ऑगस्ट १८७२ रोजी दिगंबरबुवा कीर्तनकारांच्या घरी विष्णु दिगंबर पलुसकर जन्मास आले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाच्या अपघाताने त्यांच्या डोळ्यांस इजा झाली, पुस्तकी शिक्षणाची वाट खुंटली, आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली. १८९६ साली ते मिरज सोडून बाहेर पडले आणि ५ मे १९०१ रोजी, घरापासून शेकडो कोस दूर, लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ही हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्याच वर्षी एप्रिलात, लाहोरच्या आधी अवघे काही दिवस, कोल्हापुरास शाहू महाराजांच्या प्रेरणेने व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. एक वसतिगृह खेड्यांतल्या मुलांना इंग्रजी शाळेपर्यंत पोचविण्यासाठी निघाले, दुसरे विद्यालय गायनविद्येस शाळेचे रूप देण्यासाठी निघाले. पण दोहोंच्या मुळाशी एकच विचार होता. ज्याच्या घरी साधन नाही त्या मुलास आपल्या छपराखाली ठेवून घ्यावे, त्याच्या अन्नवस्त्राचा भार आपण उचलावा, आणि त्यास स्वतःच्या पायांवर उभे करावे.

गांधर्व महाविद्यालय हे निव्वळ सकाळ-संध्याकाळच्या वर्गांचे विद्यालय नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. फी भरून शिकावयास येणारे व शिकून घरी जाणारे विद्यार्थी तेथे होतेच. पण त्याचा खरा गाभा म्हणजे 'उपदेशक वर्ग'. ह्या वर्गातील मुले विद्यालयातच राहत. त्यांचे जेवणखाण, कपडालत्ता व शिक्षण ह्यांची तजवीज विद्यालय करी. आणि त्यांनी ठरलेली वर्षे राहून विद्या संपादन करावी व पुढे ती शिकवावी, असा लेखी करार असे. पूर्वीच्या पद्धतीत गायनाचा विद्यार्थी गुरूच्या घरी राही, पाणी भरी, पाय चेपी, आणि गुरूची मर्जी प्रसन्न होईल त्या दिवशी एखादी चीज पदरात पाडून घेई. विष्णुबुवांनी राहण्याची रीत ठेवली व मर्जीची रीत काढून टाकण्याचा प्रयत्न केला. वेळापत्रक आले, स्वरलेखन आले, क्रमिक पुस्तके आली, परीक्षा आली. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता, वाद्यांची दुरुस्ती व बांधणी करणारा कारखाना होता, 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिक निघत असे. पूर्वीचा गुरू आपल्यामागे एक-दोन वारस ठेवून जाई; ह्या गुरूला शिक्षकांची एक पिढी उभी करावयाची होती.

ह्यावरून एक निष्कर्ष अटळपणे निघतो. सुताराची परीक्षा त्याने केलेल्या पाटावरून होते, वैद्याची रोग्यावरून होते; तद्वत् ह्या विद्यालयाची परीक्षा त्याच्या उपदेशकांच्या आयुष्यांवरून व्हावयास हवी. विष्णुबुवांचे कार्य म्हणून ज्याचा आम्ही उदोउदो करतो ते लाहोरच्या किंवा मुंबईच्या वास्तूत झाले नाही. ते कानपूर, प्रयाग, अहमदाबाद, पुणे अशा शहरांत, भाड्याच्या खोलीत सतरंजी पसरून, दोन तंबोरे व एक तबल्याची जोडी घेऊन बसलेल्या शिष्यांच्या हातून झाले. त्या शिष्यांची चरित्रे बाजूस ठेवून विष्णुबुवांचे चरित्र लिहिणे म्हणजे पेरणीचे सविस्तर वर्णन करून सुगीच्या वेळी ग्रंथ मिटणे होय.

ज्यांची नावे टिकली त्यांची आयुष्ये पाहिली तरी ह्या सुगीचे वैचित्र्य डोळ्यांत भरते. ओंकारनाथ ठाकूर हे १८९७ साली गुजराथेत अत्यंत दरिद्री कुटुंबात जन्मले. शहापुरजी मंचेरजी डुंगाजी ह्या पारशी गृहस्थाने त्यांचा आवाज ऐकून त्यांस मुंबईस विष्णुबुवांच्या विद्यालयात धाडले. पुढे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे अध्यापन उभे करणारा हाच मुलगा, आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या पहाटे आकाशवाणीवरून 'वंदे मातरम्' गाणाराही हाच. तासगावकडचे नारायण मोरेश्वर खरे ह्यांस विष्णुबुवांनी गांधीजींच्या आश्रमासाठी दिले. साबरमतीस राहून त्यांनी आश्रमाची भजनावली सिद्ध केली, १९३० च्या दांडीयात्रेत ते पायी चालले, आणि १९३८ साली हरिपुरा येथे काँग्रेसच्या अधिवेशनाच्या सुमारास त्यांचे देहावसान झाले. मिरजेचे विनायकराव पटवर्धन दहा वर्षे गंधर्व नाटक मंडळीत रंगभूमीवर वावरले आणि तेथून बाहेर पडून १९३२ साली त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. मिरजेचेच बा. र. देवधर पदवीधर झाले, त्यांनी पाश्चात्य संगीताचाही अभ्यास केला, मुंबईस आपली शाळा काढली. आणि ज्या शाळेत बालवयाचे कुमार गंधर्व शिकावयास राहिले ती हीच शाळा. कोल्हापूरच्या व्यास बंधूंपैकी नारायणरावांचा गळा ग्रामोफोनच्या तबकडीवरून घरोघर पोचला. शंकररावांनी 'रामराज्य' बोलपटास संगीत दिले. शंकर श्रीपाद बोडस कानपुरास गेले व तेथेच त्यांनी हयात घालविली. विष्णु अण्णा कशाळकर प्रयागास स्थिरावले.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. एकाच ताटात जेवलेल्या म्हणाव्या अशा मुलांपैकी एक विश्वविद्यालयात गेला, एक सत्याग्रहाच्या वाटेने गेला, एक नाटकात गेला, एक सिनेमात गेला, एक उत्तरेतल्या गिरण्यांच्या शहरात मास्तर झाला. ही फाटाफूट कशी झाली? विद्यालयाच्या शिस्तीतून कोणी काय उचलले, कोणी काय टाकले? आश्रमातल्या प्रार्थनेस चाल लावणारे खरे आणि बोलपटातल्या गाण्यास चाल लावणारे व्यास ह्यांची शिदोरी जर एकच होती, तर त्या शिदोरीत असे काय होते की ती दोन्हीकडे पुरली? हे प्रश्न विचारल्याशिवाय विष्णुबुवांच्या शिक्षणपद्धतीचे मोल कसे ठरणार? पण आम्ही ह्या थोरांनाही 'अमुकांचे पट्टशिष्य' म्हणून एका ओळीत उभे करतो आणि पुढच्या विशेषणाकडे वळतो.

आणि ही झाली नामांकितांची कथा. त्यांच्या मागे जी रांग आहे तिचे काय? उपदेशक वर्गातून बाहेर पडलेला सर्वसाधारण विद्यार्थी कोण असे? मैफलींत नाव न मिळविलेला, तबकडी न निघालेला, कोणत्याशा मुलींच्या शाळेत आठवड्याला चार तास शिकविणारा, उरलेल्या वेळात सायकलवरून शिकवण्या करीत हिंडणारा गायनमास्तर. मध्यमवर्गीय घरांत मुलींनी गावे की गाऊ नये ह्या वादाचा निकाल व्याख्यानांनी लागला नाही. ज्याच्या हाती मुलगी निर्धास्तपणे सोपवावी असा सालस व व्यसनमुक्त शिक्षक दारात आला तेव्हा तो लागला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आजीची एखादी स्वरलिपीची वही असेल, जुनी पेटी असेल, 'संगीत विशारद' असे लिहिलेली चौकट भिंतीवर असेल. त्या आजीस पहिला षड्ज कोणी लावून दिला, तो मास्तर कोठून आला होता, त्यास महिना काय मिळत असे, त्याची स्वतःची मुले काय झाली, हे आज किती घरांत सांगता येईल? ज्या माणसाने आमच्या घरात गाणे आणले त्याचे नाव आम्ही हरवून बसलो, आणि ज्याने त्यास पाठविले त्याच्या तसबिरीस मात्र हार घालीत आहो!

आमच्या ह्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेण्यात येतात. त्यांचा क्रमाने परामर्श घेऊ.

पहिला आक्षेप भाविकांचा. ते म्हणतात, गुरूच्या गौरवात शिष्यांचा गौरव आलाच. मुळास पाणी घातले की ते फांद्यांस पोचते. उपमा गोड आहे, परंतु इतिहास निराळे सांगतो. विष्णुबुवांनी १९०८ साली मुंबईस विद्यालय काढले, पुढे कर्ज काढून सँडहर्स्ट रस्त्यावर त्याची स्वतःची इमारत उभारली. कर्ज फिटेना. १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली आणि वसतिगृहाचा संसार मोडला. बुवा नाशकास रामनामात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी मुळाची स्थिती काय होती? इमारत नव्हती, पैसा नव्हता, गुरू नव्हते. त्याच वर्षाच्या अखेरीस शिष्यमंडळी अहमदाबादेस जमली व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज देशभर ज्याच्या परीक्षांस मुले-मुली बसतात ते हेच मंडळ. खुद्द विष्णुबुवांचे चिरंजीव दत्तात्रेय वडिलांच्या मृत्युसमयी दहा वर्षांचे होते. बापाची विद्या त्या मुलास मिळाली ती विनायकराव पटवर्धनांसारख्या बापाच्या शिष्यांकडून. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तलेल्या द. वि. पलुसकरांचा तो निर्मळ गळा ऐकून आजही जे डोलतात, त्यांनी हे ऋण कोणाचे ते ध्यानात घ्यावे. मूळ वाळले तेव्हा फांद्यांनी झाड जगविले. तेव्हा मुळास पाणी घातल्याने फांद्यांचे देणे फिटते हे म्हणणे ह्या बाबतीत तरी सर्वथा खोटे आहे.

दुसरा आक्षेप रसिकांचा. त्यांचे म्हणणे असे की, सामान्य शिक्षकांची चरित्रे लिहून काय साधणार? ह्या विद्यालयाने मास्तर पुष्कळ केले, पण खानदानी तालमीतून निघाले तसे गवई किती केले? हा टोमणा जुना आहे. त्यास विद्यालयाचे अभिमानी उत्तर देतात ते ओंकारनाथांचे व विनायकरावांचे नाव घेऊन. म्हणजे आक्षेपक व समर्थक दोघेही एकाच तागडीत तोलतात, आणि तागडीच चुकीची आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. शेतकीशाळेने किती जमीनदार निर्माण केले असे कोणी विचारील काय? शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या विद्यालयास विचारावयाचा प्रश्न असा की, त्याचे शिक्षक कसे निघाले, त्यांनी कोणास शिकविले, आणि ऐकणारा समाज त्यांच्यामुळे किती सुजाण झाला. मोठा गवई हा अंशतः दैवाचा प्रसाद असतो. चांगला श्रोता व चांगला शिक्षक हे मात्र संस्थेचे कर्तृत्व असते.

ह्याच संदर्भात आणखी एका वादाचा उल्लेख करणे जरूर आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी ग्रंथात जानकी बखले ह्या विदुषींनी भातखंडे व पलुसकर ह्या दोघांच्या कार्याची चिकित्सा केली, आणि विष्णुबुवांच्या चळवळीने संगीतास भक्तीचा व हिंदु धर्माचा रंग चढविला असे प्रतिपादन केले. ह्या मतावर आमच्याकडे काहींनी संताप व्यक्त करावा व काहींनी टाळ्या द्याव्यात हे स्वाभाविक होते. पण संताप व टाळ्या ह्यांपैकी एकानेही प्रश्न सुटत नाही. गुरूने व्यासपीठावरून काय सांगितले हे एक. शिष्याने लाहोरच्या किंवा प्रयागच्या वर्गात प्रत्यक्ष काय शिकविले, त्याच्या वर्गात कोणकोणत्या जातिधर्मांची मुले बसत, मुसलमान उस्तादांशी त्याचे वागणे कसे होते, हे दुसरे. ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शिष्यांच्या चरित्रांतच सापडावयाचे. ती चरित्रे आम्ही लिहून ठेविली नाहीत, तर गुरूची निंदा व गुरूची स्तुती दोन्ही सारख्याच निराधार राहतील. आणि मग निंदकास 'पुरावा दाखवा' असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस कोठून येणार?

तिसरा आक्षेप व्यवहारचतुरांचा, व तो कुजबुजून घेतला जातो. सर्वांच्या हकीकती गोळा करू गेलो तर नको त्या गोष्टी बाहेर येतील: कोणी करार मोडून पळाला, कोणास काढून टाकले, कोणी शिस्तीच्या जाचाने गाणेच सोडले, कोणाचे दुसऱ्याशी पटले नाही. पुण्यतिथीच्या मंगल प्रसंगी ही खरकटी कशास काढावी? आमचे उत्तर असे की, वसतिगृहाचा इतिहास लिहावयाचा तर राहिलेल्यांइतकेच गेलेल्यांस स्थान दिले पाहिजे. आणि ह्याचा सर्वांत मोठा दाखला कुरुंदवाडपासून फार दूर नसलेल्या कुंभोज गावच्या एका मुलाने घालून दिला आहे. भाऊराव पाटील कोल्हापुरास जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्या बोर्डिंगातून त्यांस बाहेर पडावे लागले. त्या काळी कोणी 'आदर्श विद्यार्थ्यां'ची यादी केली असती तर तीत ह्या मुलाचे नाव खचित आले नसते. ह्याच मुलाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास शाहू महाराजांच्या नावाने असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकत्र राहू व जेवू लागली. आणि त्या मुलांस उपाशी ठेवावयाचे नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने विकले. एका वसतिगृहाने गमावलेला विद्यार्थी शेकडो मुलांच्या वसतिगृहाचा बाप झाला. पटावरून नाव खोडताना पुढे काय होणार हे कोणास कळते? म्हणून खोडलेली नावेही जपावी लागतात.

इंग्रज लोकांचे सर्वच अनुकरणीय आहे असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. त्यांच्या प्रसिद्ध निवासी शाळा श्रीमंतांच्या मुलांसाठी होत्या, त्यांतील छडी व ज्येष्ठ मुलांची दांडगाई कुप्रसिद्ध आहे. परंतु एक गोष्ट त्यांनी केली व ती शिकण्याजोगी आहे. रग्बी, हॅरो आदी शाळांची पटपुस्तके छापलेली आहेत. त्यांत प्रवेशाच्या वर्षानुसार मुलांची नावे येतात आणि पुढे कोण काय झाला ह्याची ओळ-दोन ओळींची नोंद असते: कोणी प्रधान, कोणी पाद्री, कोणी वसाहतीत मेंढ्या पाळणारा, कोणी विशीतच वारलेला. पहिल्या महायुद्धात पडलेल्या हॅरोच्या माजी विद्यार्थ्यांची स्मृतिचरित्रे सहा खंडांत निघाली. १८२८ ते १८४२ पर्यंत रग्बीचे मुख्याध्यापक असलेले टॉमस आर्नल्ड आज जगास ठाऊक आहेत ते मुख्यतः त्यांच्या विद्यार्थ्यांमुळे. टॉमस ह्यूज ह्या माजी विद्यार्थ्याने १८५७ साली त्या शाळेतल्या मुलांच्या जीवनावर कादंबरी लिहिली नसती तर त्यांचे नाव शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत कोंडून राहिले असते. पुढे १९१८ साली लिटन स्ट्रेची ह्याने आर्नल्डची यथेच्छ टवाळी केली; पण टवाळी करणारा व ती खोडणारा ह्या दोघांच्याही हाती शिष्यांनी लिहून ठेविलेला मजकूर होता. वाद करावा तर असा. आमच्याकडे मजकूरच नसल्यामुळे वादाचे भांडण होते.

आता आमच्या शाळा-वसतिगृहांच्या स्मरणिका उघडून पाहाव्या. आरंभी मंत्र्यांचे शुभसंदेश, मग संस्थापकाचे रंगीत चित्र, मग इमारतनिधीस देणगी देणाऱ्यांची यादी रकमेच्या उतरत्या क्रमाने, मग 'आमचे भूषण' ह्या मथळ्याखाली कलेक्टर, डॉक्टर, कारखानदार व परदेशी स्थायिक झालेले संगणकतज्ज्ञ, आणि शेवटी जाहिराती. जो माजी विद्यार्थी खेड्यातल्या शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झाला, ज्याने भावंडांचे शिक्षण करून स्वतः शेती सांभाळली, जो विशीत क्षयाने गेला, जिचे लग्न झाल्यावर तंबोऱ्याला गवसणी कायमची चढली, ह्यांपैकी कोणी तेथे सापडावयाचा नाही. प्रस्तुत लेखकाची हयात अध्यापनात गेली. तो अनुभवाने सांगू शकतो की, ही स्मरणिका माजी विद्यार्थ्यांपेक्षा आजचे विद्यार्थी अधिक लक्षपूर्वक वाचतात. वसतिगृहाच्या खोलीत पालथा पडून ती चाळणारा पंधरा वर्षांचा मुलगा तीतून एवढाच बोध घेतो की, नाव छापून यावयाचे असेल तर मोठे व्हावे अगर पैसा द्यावा. साध्या प्रामाणिक आयुष्याची ह्या संस्थेस दखल नाही. सकाळच्या प्रार्थनेत आपण त्यास सेवा व साधेपणा शिकवितो आणि स्मरणिकेत त्याच्या नेमके उलट शिकवितो. ज्या गैरसमजाची किंमत आम्ही देत आहो असे आरंभी म्हटले ती किंमत हीच.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. लाहोर १९४७ साली परराष्ट्रात गेले. मुंबईची इमारत त्याआधीच गेली होती. उपदेशक वर्गातल्या मुलांस ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्यापुढे बसून जे शिकले, ते आता पिकली पाने झाले आहेत. त्यांच्या घरच्या पेट्यांतून हाताने लिहिलेल्या चिजांच्या वह्या आहेत, पत्रे आहेत, वर्गांचे समूहफोटो आहेत; आणि घराची जागा सदनिकेने घेतली की ह्या पेट्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. पिवळ्या पडलेल्या समूहफोटोत मधल्या खुर्चीवर बसलेले बुवा सर्वांस ओळखू येतात. मागच्या रांगेत हाताची घडी घालून उभ्या असलेल्या मुलांची नावे सांगणारा एकच माणूस घरात उरलेला असतो, आणि तो गेला की ती रांग कायमची मुकी होते.

उपाय खर्चाचा नाही, चिकाटीचा आहे. ज्याच्या घराण्यात ह्या विद्यालयाचा एखादा विद्यार्थी होऊन गेला, त्या घराने चार पाने लिहावी. तो कोठला, घरची स्थिती कशी, विद्यालयात कोणी पाठविले, किती वर्षे राहिला, तेथली दिनचर्या व जेवण ह्यांविषयी काय सांगे, बाहेर पडून कोठे गेला, पगार काय होता, कोणास शिकविले, म्हातारपण कसे गेले, एवढे साधे प्रश्न पुरेत. विशेषणे गाळावी, तारखा द्याव्या. गाणे सोडून किराण्याचे दुकान काढले असेल तर तेही लिहावे. बुवांवर त्याचा राग असेल तर तोही लिहावा. विद्यालयात शिकलेल्या स्त्रियांची हकीकत वगळू नये. उलट ती आधी घ्यावी, कारण ती सर्वांत लवकर पुसली जाते. आमच्या महाविद्यालयांतून पदवीसाठी दरसाल जे प्रबंध खरडले जातात, त्यांतील दहा-वीस विद्यार्थ्यांस जरी ह्या कामास लाविले तरी मराठी वाङ्मयास एक खरा चरित्रकोश मिळेल. आणि जे ह्या विद्यालयाचे करावयाचे तेच कोल्हापूरच्या प्रत्येक जुन्या बोर्डिंगाचे, तेच साताऱ्याचे, तेच आश्रमशाळांचे.

२१ ऑगस्ट २०३१ रोजी विष्णुबुवांच्या मृत्यूस शंभर वर्षे पुरी होतील. त्या दिवशी देशभर समारंभ होतील, कुरुंदवाडासही होतील, आणि ते अवश्य व्हावे. कुरुंदवाडकरांस आमची विनंती इतकीच की, त्या समारंभात भाषणांची संख्या कमी करून शिष्यांच्या हकीकती वाचून दाखवाव्या: एक नामांकिताची आणि चार अप्रसिद्धांच्या. त्या सर्व हकीकतींची एक बांधीव प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी, आणि तीत पुढे भर घालण्यासाठी कोरी पाने सोडावी. तसबिरीचा हार त्याच संध्याकाळी सुकेल; ही प्रत दहा वर्षांनी अधिक जाड झालेली असेल. दृष्टी गमावूनही ज्याने घरापासून इतक्या दूर मुलांचे वसतिगृह चालविले, त्या गुरूस ह्यांपैकी काय अधिक आवडले असते, हे त्याच्या गावाने ठरवावे.